ऐकू या, बोलू या (भाग ९) : झारा कुठे ‘असते’ असतो?

चटईवर मी तीनच वस्तू मांडल्या होत्या : झारा, पळी आणि लाटणं. समोर बालवाडीच्या मोठ्या गटातली अकरा मुलं. “यातली एक मी मनात धरली आहे. ओळखा बघू. लांब असते आणि स्वयंपाकघरात असते.” सात-आठ आवाज एकदम उठले. झारा, लाटणं, पुन्हा झारा. एका मुलीने मात्र हात वर केला आणि शांतपणे म्हणाली, “पळी.” कशावरून, असं विचारलं तर तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. “तुम्ही असते म्हणालात ना. झारा कुठे ‘असते’ असतो?”

गेल्या आठवड्यात आपण गोष्ट ऐकणाऱ्या मुलांबद्दल बोललो. गोष्ट ऐकताना मूल गुंगलेलं दिसतं, पण त्याच्या कानांनी नेमकं काय टिपलं ते बाहेरून कळत नाही. ओळखण्याच्या खेळात ते लगेच उघड होतं, म्हणून हा आठवडा त्या खेळाचा.

मराठीत वस्तूचं लिंग क्रियापदाच्या शेवटी उमटतं. असतो, असते, असतं. फरक एका स्वराचा, आणि तोही शब्दाच्या शेपटीला, जिथे बोलणाऱ्याचा आवाज उतरत आलेला असतो. लहान मुलं ‘लांब’ हा शब्द कानावर पडताच उडी मारतात, पुढचं ऐकतच नाहीत. त्या दिवशी ती मुलगी वाक्य संपेपर्यंत थांबली होती. दुसऱ्या फेरीला मी म्हटलं, “लांब असतं,” आणि या वेळी चार-पाच मुलं थांबली. मी व्याकरणाचा एक शब्दही उच्चारला नव्हता. ज्यांच्या घरी हिंदी बोलली जाते त्या मुलांना मराठीतलं तिसरं लिंग अगदी नवीन असतं. ‘ते लाटणं’ त्यांच्या तोंडी बसायला वेळ लागतो. पण खेळात जिंकायचं असेल तर ‘असतं’ ऐकावंच लागतं, आणि ऐकलेलं हळूहळू बोलण्यात येतं. परदेशात शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्या पालकांनी लिंगाचे तक्ते पाठ करून घेण्याआधी स्वयंपाकघरातल्या या तीन वस्तू चटईवर ठेवून पाहाव्यात. पुढे पहिली-दुसरीतल्या मुलांना एक युक्ती आपोआप सापडते. कोडं घालताना लिंग लपवायचं असेल तर ती ‘ही वस्तू’ म्हणू लागतात. स्वतःच्या बोलण्यातून समोरच्याला काय कळतंय याचा विचार तिथे सुरू झालेला असतो.

याच विचारासाठी मी हा खेळ इतकी वर्षं खेळत आले आहे. आणि तो विचार जागा होतो उत्तर चुकतं तेव्हा.

खेळाचा दुसरा प्रकार असा. दोन मुलं समोरासमोर बसतात. मध्ये एक पाट उभा धरायचा, नाहीतर जुनं कॅलेंडर. दोघांकडे सारख्याच सहा वस्तू : मोठा चमचा, छोटा चमचा, लाल टोपण, निळं टोपण, लाल बटण, निळं बटण. एकाने आपली एक वस्तू उचलायची आणि ती शब्दांनी सांगायची, दुसऱ्याने पाटाआडून ऐकून तीच उचलायची. मग पाट बाजूला. “चमचा घे,” पहिला सांगतो. दुसरी छोटा उचलते. पाट हटतो, याच्या हातात मोठा असतो. आणि सांगणारा ठणकावतो, “तू चुकलीस!”

ब्रिटनमधले संशोधक एलिझाबेथ आणि पीटर रॉबिन्सन यांनी १९७०च्या दशकात नेमका हाच क्षण हाती घेतला. खेळ फसला की ते मुलांना विचारत, चूक कोणाची? सांगणाऱ्याने अर्धवट सांगितलेलं असलं तरी पाच वर्षांच्या आसपासची बरीचशी मुलं दोष ऐकणाऱ्यालाच देत. वस्तू चुकीची त्याने उचलली, म्हणजे चूक त्याची. सांगणारा कमी पडला असू शकतो, हे मुलांच्या ध्यानात यायला आणखी काही वर्षं जात. यात मुलांचा आडमुठेपणा नसतो. आपल्या डोक्यात जे लख्ख दिसतंय ते समोरच्याला दिसत नाही, हेच त्यांना अजून उमगलेलं नसतं.

अमेरिकेत सॅम ग्लक्सबर्ग, रॉबर्ट क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना असाच आडपडद्याचा खेळ दिला होता. ठोकळ्यांवरची चित्रं मुद्दाम अशी निवडली होती की त्यांना ठरलेलं नाव नव्हतं. एका आकृतीला एक मूल ‘आईची हॅट’ म्हणे, दुसरं अंगठी, तिसरं सिंह. पडद्यापलीकडच्या मुलाला त्यातून काही बोध होत नसे. पण तेच नाव नंतर त्याच मुलाला ऐकवलं की ते बरोबर ठोकळा उचले. त्याच्यापुरतं नाव अगदी चोख होतं. आईची हॅट कशी दिसते हे दुसऱ्याला ठाऊक नाही, एवढीच अडचण होती.

घरात ही अडचण मुलाला जाणवतच नाही, कारण आपण फार लवकर समजून घेतो. “आई, ते दे ना, कालचं,” म्हटलं की आई बरोबर ते कालचं आणून देते. हे प्रेमच आहे आणि ते असावं. पण दिवसभरात सगळंच न सांगता मिळत असेल तर सांगायची गरज मुलाला कुठे पडणार? रॉबिन्सन दांपत्याने पुढे ब्रिस्टलमधल्या घरांत ध्वनिमुद्रित केलेले आई-मुलांचे संवाद तपासले. “तुला कुठलं म्हणायचंय ते मला कळलं नाही,” असं सरळ सांगणाऱ्या आया थोड्याच निघाल्या. बहुतेक जणी “काय?” म्हणत, किंवा अंदाज करून मोकळ्या होत. ज्या थोड्या मुलांना हे वाक्य घरी ऐकायला मिळालं होतं, ती पुढे संवाद कुठे फसला हे अधिक चांगलं ओळखत होती.

हे वाचल्यावर मी माझी एक सवय मोडली. पाटाचा खेळ घेताना मूल अडखळलं की मी मदतीला धावत असे, “मोठा चमचा म्हणायचंय ना तुला?” असं म्हणून. आता मी स्वतः पाटामागे बसते, दोन्ही चमचे हातात घेते आणि म्हणते, “माझ्याकडे दोन चमचे आहेत. कुठला ते मला कळलं नाही.” मग गप्प राहते. ती शांतता कधी कधी फार लांबते. तेवढा वेळ मूल पाटाकडे पाहत बसतं, स्वतःच्या वस्तूंकडे पाहतं, आणि मग येतं, “मोठावाला.”

ऐकणाऱ्यालाही काही वाक्यं हाताशी द्यावी लागतात. कुठला? कुठल्या रंगाचा? परत सांग ना. थांब, माझं अजून शोधून होतंय. ही चार वाक्यं मी मुलांसोबत आधी मुद्दाम घोळवून घेते. कारण वर्गात आपण त्यांना उलटंच शिकवत असतो. “कळलं का सगळ्यांना?” आणि त्यावर सुरात “होऽऽ”. ज्याला कळलेलं नाही तोही त्या होकारात सामील असतो, आणि बाई पुढच्या पानावर जातात. न कळल्याचं कबूल करणं म्हणजे कमीपणा, हे मूल सहाव्या वर्षीच शिकून बसतं. खेळात मात्र ‘कळलं नाही’ म्हटल्यावाचून जिंकताच येत नाही.

मोठ्यांना हे कसं म्हणायचं हा आणखी नाजूक भाग. पाटामागे मैत्रीण असेल तर “अगं नीट सांग की” चालतं. आजोबा असतील तर? एका आजोबांना मी वर्गात खेळायला बोलावलं, तेव्हा एरवी धिटाईने बोलणारी मुलं गप्पच झाली. आजोबा अर्धवट सांगत होते आणि मुलं काहीतरी उचलून मोकळी होत होती. शेवटी एक मुलगा हळूच म्हणाला, “आजोबा, मला कळलं नाही. परत सांगता का?” आजोबांनी परत सांगितलं, जरा सविस्तर. त्यानंतर बाकीच्यांनाही तोंड फुटलं. आदर ठेवूनही प्रश्न विचारता येतो हे सांगून पटत नाही, घडताना पाहावं लागतं.

वस्तू निवडण्यात मात्र घाई करू नका. लिंबू, किल्ली, कंगवा अशा अगदी वेगवेगळ्या वस्तू ठेवल्या तर एका शब्दात काम भागतं आणि खेळ वाया जातो. सारखेपणा हवा. चार वर्षांच्या मुलाला चार वस्तू पुष्कळ झाल्या, पहिलीत गेल्यावर आठ.

मोठी मुलं प्रश्न विचारून ओळखण्याच्या खेळाला तयार होतात, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर मिळणाऱ्या. फ्रेडरिक मोशर आणि जोन हॉर्न्सबी यांनी ४२ चित्रं मांडून सहा, आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांना तो खेळायला दिला होता. सहा वर्षांची मुलं जवळपास नुसत्या उड्या मारत : कुत्रा का? बॉल का? अकरा वर्षांची मुलं विचारत, ते खेळणं आहे का? सोळा वस्तू असतील तर निम्म्या-निम्म्या बाद करणारे चार प्रश्न पुरतात. सहा वर्षांच्या मुलाला हे हिशेबाने सांगू नका. ‘नाही’ म्हटल्यावर ज्या वस्तू बाद झाल्या त्या चटईवरून त्यालाच उचलायला लावा. मिळालेलं उत्तर लक्षात ठेवून पुढचं विचारायचं, यातच निम्मं ऐकणं आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. समोर बसून ओठ दिसत असताना नीट खेळणारं मूल पाटामागे गेल्यावर वारंवार चुकत असेल, तर त्याला बेशिस्त किंवा लक्ष न देणारं ठरवू नका. त्याचे कान तपासून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात दाखवता येईल. मुंबईकरांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३पासून ती याच कामात आहे.

पुढच्या भागात फोनवरच्या बोलण्याकडे वळू. तिथे पाट उभा करावा लागत नाही, नातवाचं बोट कुठे वळलंय ते गावाकडच्या आजीला आपोआपच दिसत नसतं.