शून्यातून उभं राहणारं अवकाशयान

1977 च्या 'स्टार वॉर्स'मधलं पहिलं दृश्य आठवा. छोट्या बंडखोर यानामागे अजस्र स्टार डिस्ट्रॉयर लागतो. प्रत्यक्षात त्या 'अजस्र' यानाचं मॉडेल जेमतेम तीन फुटांचं होतं आणि पळणाऱ्या यानाचं जवळपास सहा फुटी! कारणही भारी आहे. पळणारं यान मुळात नायकांचं मिलेनियम फाल्कन म्हणून बांधलं होतं, पण 'स्पेस: 1999' मालिकेतल्या ईगल यानाशी साम्य वाटल्याने फाल्कन नव्याने रचलं गेलं. 

आकाराचा हा भास बारकाव्यांतून येतो. 'स्टार वॉर्स'चे दृश्यपरिणाम साकारणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या कारागिरांनी रणगाडे, जहाजं, मोटारगाड्यांचे प्लास्टिक किट आणून त्यांचे सुटे भाग यानांवर चिकटवले. रणगाड्याचं चाक इथे झडप होतं. 1968 च्या '2001: अ स्पेस ओडिसी'तलं डिस्कव्हरी यान तर सुमारे 54 फूट लांब बांधलं होतं.

घरी असं मॉडेल बनवायला सुरुवातीला पॉलिस्टायरीनचा पत्रा, धारदार कटर आणि प्लास्टिक वितळवून जोडणारं पातळ सिमेंट पुरतं. आधी प्रमाण ठरवा: 1:72 मध्ये सहा फुटी वैमानिक अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे दार त्याहून किंचित उंच हवं. नळ्या-पेट्या सगळीकडे सारख्या पसरू नका. काही पृष्ठभाग कोरे सोडले की दाटी खरी वाटते. मग राखाडी प्रायमर मारा. सांध्यातली फट, राहिलेला ओरखडा, सगळं त्यात लख्ख दिसतं आणि रंगाआधीच घासून काढता येतं.