हातोडा पडण्याआधीची वर्षे

वासुदेव गायतोंडे यांच्या १९७० सालच्या एका चित्राला २०२५ च्या सप्टेंबरात ६७ कोटी ८ लाख रुपये मिळाले. त्याआधी मार्चमध्ये हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ने न्यूयॉर्कमध्ये सव्वा कोटी डॉलरचा टप्पा मागे टाकला होता. गायतोंडेंच्या लिलावाच्याच आठवड्यात चित्रांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ‘भारतीय कलेला सुगीचे दिवस’ अशा मथळ्यांना यापेक्षा जास्त काय लागते?

सुगी आहे, यात वाद नाही. पीक कोणाच्या घरात गेले, हा प्रश्न मात्र उरतो. गायतोंडे २००१ मध्ये गेले, हुसेन २०११ मध्ये. लिलावात एक धनिक दुसऱ्या धनिकाकडून चित्र घेतो. चित्रकार तिथे नसतो आणि बहुतेक वेळा त्याचा वाटाही नसतो. विशी-पंचविशीतला, नाव नसलेला चित्रकार आपले पहिले काम कुठल्या भिंतीवर लावतो, हे या बाजारात कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर दक्षिण मुंबईतल्या काही जुन्या जिन्यांवर सापडते आणि त्यातला सर्वांत रंजक जिना एका फ्रेमवाल्याचा आहे.

केकू गांधी यांना चित्रकलेचे दुकान काढायचेच नव्हते. केंब्रिजला शिकणारा हा पारशी तरुण दुसऱ्या महायुद्धामुळे मुंबईत अडकला. इथे त्यांची गाठ एका बेल्जियन गृहस्थाशी पडली आणि त्या ओळखीतून चित्रांच्या चौकटी बनवण्याचा कारखाना निघाला. आता चौकटी विकायच्या तर त्यात काहीतरी लावून दाखवायला हवे. गांधींनी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानात ओळखीच्या तरुण चित्रकारांची चित्रे लावायला सुरुवात केली. हे तरुण होते आरा, हेब्बर, रझा, हुसेन. गिऱ्हाईक चौकट बघायला येई आणि चित्राकडेही त्याची नजर जाई. आधुनिक भारतीय कलेच्या बाजाराची एक सुरुवात अशी लाकडी पट्ट्यांच्या धंद्यातून झाली, हे मला कोणत्याही घोषणापत्रापेक्षा जास्त आवडते.

१९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली, तिच्यामागे धडपडणाऱ्यांत गांधी होते. १९६३ मध्ये त्यांनी आणि पत्नी खोर्शेद यांनी त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली. नाव कारखान्याचेच ठेवले. एकाच छताखालचे हे दोन मजले दोन वेगळ्या जगांचे होते. खालच्या दालनांत चित्रकार आठवड्याचे भाडे भरतो, त्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावतो आणि चित्र विकले नाही तर तोटा त्याचा. वर मालक स्वतः निवड करणार, भाडे, दिवे, निमंत्रणे यांचा खर्च करणार आणि विक्री झाली तर वाटा घेणार. आजही लहान गॅलऱ्यांत हा वाटा साधारण निम्म्याच्या घरात असतो. ऐकायला जबर वाटतो. पण ज्या महिन्यात काहीच विकले जात नाही त्या महिन्याचे भाडे कोण भरते, तेही याच हिशेबात धरायला हवे.

खरी गंमत या निवडीत आहे. १९७५ मध्ये केमोल्डच्या भिंतींवर डहाणू भागातल्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे लागली. लग्नाचा चौक लिहिणे हे तोवर सुवासिनींचे काम. मशे यांनी ते कागदावर आणले, त्यात शेत, मासेमारीची जाळी, आगगाडी सारे भरले. चित्रकार भास्कर कुलकर्णी मशे यांच्या पाड्यावर पोचले नसते आणि एका खासगी गॅलरीने भिंत दिली नसती, तर ही चित्रे ‘हस्तकला’ या सरकारी खान्यातच पडून राहिली असती. मशे यांना पद्मश्री मिळाली ती २०११ मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी. अतुल दोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन १९८९ मध्ये इथेच झाले आणि जितीश कल्लाट यांचे १९९७ मध्ये, जे. जे.मधून बाहेर पडल्यावर लगेचच. तोवर कारभार मुलगी शिरीन गांधी यांच्याकडे आला होता. २००७ मध्ये गॅलरी फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेली.

मात्र एकच प्रदर्शन निवडायचे, तर मी १९९२ चे निवडेन. नलिनी मलानी यांनी केमोल्डच्या भिंतींवर थेट रेखाटने केली. ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे त्याचे नाव. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे दुर्लक्षामुळे नष्ट होत होती, त्याचा संताप त्यामागे होता. मुदत संपली आणि भिंती पुन्हा पांढऱ्या रंगवल्या गेल्या. विकायला एक कागदही उरला नाही. दुकान चालवणाऱ्या माणसाने हे होऊ दिले, याचे मोल कोणत्या लिलावात लागणार?

वीस वर्षांनी कुलाब्यात रीगल सिनेमाजवळच्या ‘क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह’मध्ये असेच घडले. सुमेश शर्मा आणि झाशा कोला या दोन क्युरेटरांनी २०१० मध्ये उघडलेली ही जागा गॅलरीपेक्षा अड्डाच जास्त होती. अमोल पाटील, योगेश बर्वे, रूपाली पाटील, सचिन बोंडे अशी मंडळी तिथे जमली. आडनावे मुद्दाम लिहितो आहे. इंग्रजी बोलणाऱ्या कुलाब्यात ती फारशी ऐकू येत नसत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते यांनी २०१२ मध्ये तिथे पहिले एकल प्रदर्शन केले. घरातल्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या, म्हणून माध्यमही कोळसाच. खाणकामगारांच्या, डोक्याच्या जागी भलतेच काही उगवलेल्या आकृती त्यांनी भिंतीवर चितारल्या. दोन वर्षांनी ते साओ पावलोच्या द्वैवार्षिकात होते आणि २०२१ मध्ये वेल्समधला ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार सहा कलावंतांना विभागून मिळाला, त्यांत त्यांचे नाव होते. अमोल पाटील यांचे काम २०२२ मध्ये जर्मनीतल्या ‘डॉक्युमेंटा’त लागले. दोघांच्याही मागे पहिली भिंत देणारी ती छोटी जागा होती.

आता जीएसटीचे. पन्नास हजारांच्या चित्रावर सात टक्क्यांची सूट म्हणजे साडेतीन हजार रुपये. पहिले चित्र घ्यायला बिचकणाऱ्या शिक्षकाला किंवा डॉक्टरला त्याने थोडा धीर येईल. स्वागतच आहे. पण कलावंताच्या हक्काचा कायदा कपाटात पडून आहे, त्याची चर्चा कोण करणार? कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३ अ आले. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या रकमेत चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा, कमाल दहा टक्के. वाटा किती, हे ठरवण्याचे काम तेव्हा कॉपीराइट मंडळाकडे सोपवले होते. तीस वर्षे झाली. कोट्यवधींचे लिलाव होतात, पण या कलमाचा मागमूस दिसत नाही. कर कमी करायला सरकारला एक बैठक पुरली. हा वाटा वसूल करणारी यंत्रणा मात्र अजून उभी राहिलेली नाही.

गॅलऱ्यांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. किंमत न लिहिणे, आत आलेल्याला चपलेपासून केसांपर्यंत न्याहाळणे आणि भिंतीवर असा मजकूर लावणे की जो लिहिणाऱ्यालाही समजला असेल का, अशी शंका यावी. तोही बहुतेक ठिकाणी फक्त इंग्रजीत. मशे डहाणूचे, पाचपुते चंद्रपूरचे. त्यांच्या गावचा माणूस मुंबईत हे काम पाहायला आला, तर त्याला वाचायला मराठीत चार ओळीही नसाव्यात? मराठी प्रेक्षक येत नाही, ही तक्रार ऐकून कान किटले. दार तुमचे आहे, त्यावर मराठीत पाटी लावून बघा.

वाचकांकडूनही एक अपेक्षा आहे. दर जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड भरतो. प्रवेश फुकट असतो, एरवीही असतो. जिने चढा, न समजलेल्या चित्राबद्दल विचारा, किंमत तर हटकून विचारा. विचारण्याचे पैसे पडत नाहीत आणि तिथल्या माणसांना प्रश्न विचारणाऱ्यांची फार सवय उरलेली नाही. पुढचा गायतोंडे कोण, हे साठ कोटींच्या बोलीवेळी कळून उपयोग काय? तो पन्नास हजारांत असतो तेव्हाच त्याला गिऱ्हाईक हवे असते.