मूत्राशयाचा कर्करोग आणि शरीराचे पहारेकरी

लघवीतून रक्त जाते, परंतु वेदना मुळीच होत नाही. दोन दिवसांनी रक्त आपोआप थांबते आणि रोगी निर्धास्त होतो. मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा हीच असते.

रक्तातील टाकाऊ द्रव्ये मूत्रपिंडे गाळून काढतात आणि ती मूत्राशयात कित्येक तास साठून राहतात. विडी-सिगारेटच्या धुरातील ॲरोमॅटिक अमाइन वर्गातील विषारी द्रव्येही याच वाटेने जातात. साहजिकच मूत्राशयाच्या अस्तरातील पेशींशी त्यांचा दीर्घकाळ संपर्क येतो. रंगद्रव्यांच्या कारखान्यातील कामगारांना हा रोग जडत असल्याचे लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ सालीच निदर्शनास आणले होते.

ही द्रव्ये पेशीतील जनुकांना इजा पोहोचवतात. जनुके म्हणजे चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेल्या आज्ञाच होत. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतील ‘रास’ नावाचे जनुक निरोगी जनुकाशी ताडून पाहण्यात आले, तेव्हा दोहोंत अवघ्या एका अक्षराचा फरक आढळला. त्यामुळे प्रथिनातील बाराव्या स्थानी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन हे अमिनो आम्ल आले होते. एवढ्याशा बदलाने पेशीला वाढीची आज्ञा अखंड मिळत राहते. अर्थात एकाच बदलाने कर्करोग होत नाही. वाढीस आवर घालणारी पी-५३ सारखी जनुकेही अनेकदा निकामी झालेली असतात.

अशा बिघडलेल्या पेशी ओळखून नष्ट करणे हे प्रतिरक्षा यंत्रणेचे काम. परंतु कित्येक कर्कपेशी पीडी-एल१ नावाचे प्रथिन पृष्ठभागावर धारण करतात आणि चालून आलेल्या टी-पेशींना थोपवून धरतात. पहारेकरी जागेवर असतात, पण त्यांचे हात बांधलेले असतात.

त्यांना जागे करण्याचा एक उपाय अनपेक्षित दिशेने आला. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईंच्या क्षयजंतूंवर तेरा वर्षे प्रयोग करून त्यांचे बळ हरण केले व त्यापासून बीसीजी ही लस सिद्ध केली. १९२१ साली ती प्रथम माणसाला देण्यात आली. पुढे १९७६ साली कॅनडातील डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी हीच लस मूत्राशयात सोडून नऊ रोग्यांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आज दुर्बिणीतून गाठ काढल्यानंतर ही लस नळीवाटे मूत्राशयात सोडतात व सुमारे दोन तास तेथे राहू देतात. प्रारंभी आठवड्यातून एकदा, असे सहा वेळा करतात. जंतूंच्या आगमनाने अस्तराचा दाह होतो, रासायनिक संदेश सुटतात आणि पांढऱ्या पेशींचे थवे तेथे धावून येतात. जंतूंवरील या हल्ल्यात कर्कपेशीही बळी पडतात.

या उपायालाही मर्यादा आहेत. लस जिवंत जंतूंची असल्याने जळजळ व ताप संभवतो. काही रोग्यांत रोग पुन्हा उद्भवतो. कर्करोग स्नायूच्या थरात शिरला असेल, तर ही लस पुरी पडत नाही. मूत्राशयच काढून टाकण्याची पाळी येऊ शकते. शिवाय हे जंतू अत्यंत सावकाश वाढतात, त्यामुळे उत्पादन एकाएकी वाढवता येत नाही. २०१२ साली कॅनडातील एका मोठ्या कारखान्याचे काम थांबले, तेव्हा अनेक देशांना लशीची टंचाई सोसावी लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेत मूत्राशयासाठीची बीसीजी तयार होते, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे.

हा उपाय रोग अस्तरापुरता मर्यादित असेतोवरच उपयोगी पडतो. म्हणून लघवीतून एकदाच रक्त गेले व वेदना झाली नाही, तरीही तपासणी करून घेणे अगत्याचे होय.