साक्ष देण्याचे धैर्य



प्रार्थनेने आणि दानाने या कार्याला हातभार लावणारे बरेच जण आम्हांला विचारतात, "तुम्ही गोंड वस्त्यांवर, कोलाम पोडांवर जाता. आजाऱ्याला दवाखान्यात नेता, मुलांना शाळेत बसवता. पण येशूविषयी बोलता का? भीती नाही वाटत?" आणि मग थोडे थांबून हेच लोक हळू आवाजात म्हणतात, "आम्हांला तर शेजाऱ्यालाही सांगायचे धाडस होत नाही." हा प्रश्न वस्तीवरच्या सेवकाचा जितका आहे तितकाच शहरातल्या विश्वासणाऱ्याचाही आहे, म्हणून या अंकात त्याविषयी लिहीत आहे.

भीती वाटणे म्हणजे अविश्वास नव्हे

पहिली गोष्ट ही, की भीती वाटली म्हणून कोणी कमी ख्रिस्ती ठरत नाही. करिंथ येथे आपण दुर्बळपणे, भीत व कापत आलो होतो, असे खुद्द पौलाने लिहून ठेवले आहे (१ करिंथ २:३). पेत्र व योहान यांना धमकावून सोडून दिले, तेव्हा मंडळीने कशासाठी प्रार्थना केली ते प्रेषितांची कृत्ये ४:२९ मध्ये पाहावे. संकट टळावे अशी मागणी तिथे नाही. बोलण्याचे धैर्य मिळावे, एवढीच मागणी आहे. म्हणजे धैर्य हा काही जणांना जन्मतः मिळालेला स्वभाव नाही. ते मागावे लागते, आणि पुन्हा पुन्हा मागावे लागते.

आपली भीती बहुधा तीन प्रकारची असते. आपल्याला उत्तर देता येणार नाही, ही पहिली. नाते तुटेल, ही दुसरी. लोक आपल्यावर आमिषाचा आरोप करतील, ही तिसरी. तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

सगळे माहीत असण्याची गरज नाही

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एका पाश्चात्त्य प्रवाशाची एका मराठी कवीशी गाठ पडली. कवी होते नारायण वामन टिळक. त्या गृहस्थाने वादाला सुरुवात केली नाही. आधी काव्यावर गप्पा झाल्या. मग त्याने टिळकांचे विचार ऐकून घेतले, आणि उतरताना नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली. टिळकांनी ती वाचली, डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी मंडळी आज ज्यांची भजने गाते ते टिळक असे आपल्याला मिळाले.

त्या प्रवाशाने किती केले? एक प्रवास, एक सौजन्याचे संभाषण, एक पुस्तक. टिळकांच्या पुढच्या प्रश्नांची उत्तरे द्यायला तो तिथे नव्हता. जन्मांध माणसालाही परूश्यांनी खोचून खोचून विचारले, तेव्हा त्याने एवढेच सांगितले की मी आंधळा होतो आणि आता मला दिसते (योहान ९). साक्षीदाराने वकिली करायची नसते. आपण पाहिले तेवढे त्याने सांगावे. "हे मला ठाऊक नाही, विचारून सांगतो" हे वाक्यही चांगल्या साक्षीत बसते.

नाते सांभाळून वाट पाहणे

दुसऱ्या भीतीवर लक्ष्मीबाई टिळकांचे जीवन बोलते. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आभाळ कोसळले. पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या नगरला आल्या, तरी आपले पाणी व स्वयंपाक त्या वेगळा ठेवत. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. जातिभेदाचा विचार त्यांच्या मनातून त्यांच्याच वेळेने गळून पडला, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पूर्ण केले.

यात आपल्याला इशाराही आहे. विश्वासामुळे घरात खरोखर दुःख येऊ शकते, हे लपवू नये. म्हणून नवीन माणसाला घाई करू नये, आणि त्याच्या घरच्यांना शत्रू समजू नये. येशूने बरे केलेल्या गरसेकरालाही प्रभूने आपल्या घरी, आपल्या माणसांकडेच पाठवले (मार्क ५:१९).

आधी ऐका

आपल्याच भागातले एक नाव इथे आठवले पाहिजे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्यांनी शाळा काढली, सुवार्ता सांगितली, आणि त्याचबरोबर गोंड लोकांची भाषा, चालीरीती आणि लिंगोची गाणी बसून ऐकली व लिहून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. गोंडांच्या परंपरेचा अभ्यास करणाऱ्यांना ती अजून उपयोगी पडतात.

ज्याला आपण काही सांगू इच्छितो त्याचे गाणे, त्याचे देव, त्याचे दुःख आपण ऐकले आहे का? पेर्सापेनाच्या पूजेची चेष्टा करून कोणी येशूकडे वळत नाही. शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने आधी तिच्याजवळ पाणी मागितले. मागणाऱ्याच्या जागी बसून त्याने सुरुवात केली. आपणही वस्तीवर गेल्यावर आधी काळा चहा घ्यावा आणि कापसाचा भाव काय चालला आहे ते विचारावे.

आरोपाची भीती

तिसरी भीती सर्वांत जड आहे, आणि ती उगीच नाही. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नियोगी समिती नेमली. वर्धा जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. शाळा-दवाखान्यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, असा ठपका समितीच्या १९५६ च्या अहवालाने ठेवला. त्या निष्कर्षांना मिशनांनी हरकत घेतली, पण तो संशय अजून गावोगावी आहे.

कायदा काय म्हणतो ते प्रत्येकाने नीट समजून घ्यावे. संविधानाचे २५ वे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. विश्वासणाऱ्याला यात अडचण वाटू नये. मन पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे. आपले काम सांगण्याचे.

सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून गांधीजींचे म्हणणे टाळता येत नाही. गुलाबाला आपल्या सुगंधाचे व्याख्यान द्यावे लागत नाही, तसे जगा, असे ते मिशनऱ्यांना सांगत. हे आपण नम्रपणे ऐकावे. मात्र पेत्राचे सांगणेही लक्षात ठेवावे : आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला सिद्ध असा, पण सौम्यतेने व आदराने (१ पेत्र ३:१५). जीवन आधी, शब्द नंतर. पण विचारले असता गप्प बसणे हा नम्रपणा नव्हे.

म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी पक्क्या पाळाव्यात. औषध, वह्या, धान्य देताना धर्माची गोष्ट काढू नये. मदतीच्या यादीत कोण प्रार्थनेला येतो हा रकाना नसावा. आईवडिलांना न विचारता मुलांना काही शिकवू नये. जमावात ओरडून सांगण्यापेक्षा ज्याने विचारले त्याला, त्याच्या सवडीने सांगावे. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला (लूक १७). नऊ जणांचे आरोग्य प्रभूने काढून घेतले नाही. ज्याचे हात असे मोकळे आहेत त्याच्या जिभेलाही धीर येतो. लपवण्यासारखे काही नसले, की सरपंचांसमोर आणि पोलीस पाटलांसमोरही शांतपणे बोलता येते.

सुरुवात कशी करावी

या तिमाहीत एवढे करून पाहा. एका व्यक्तीचे नाव घेऊन रोज प्रार्थना करा. तिच्या सुखदुःखात जा. आपल्या जीवनात प्रभूने काय केले ते तीन-चार साध्या वाक्यांत आधी कागदावर लिहा. "तारण", "अभिषेक" असे मंडळीतले शब्द तिला कळणार नाहीत, तेव्हा घरातल्या बोलीत लिहा. मग कधीतरी ती म्हणेल, "ताई, एवढे सगळे झाले तरी तुम्ही खचल्या कशा नाही?" तेव्हा ती वाक्ये सांगा आणि थांबा. तिने नको म्हटले तरी दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पूर्वीसारखेच जा.

आमच्या कार्यकर्त्यांसाठी, विशेषतः पोडांवर एकट्या जाणाऱ्या भगिनींसाठी प्रार्थना करा. त्यांना संरक्षण मिळावे, आणि प्रेषितांनी मागितले ते धैर्यही मिळावे.

ख्रिस्तात आपली,
एक कार्यकर्ती
अल्लीपूर, जि. वर्धा