ठासणीचे रिव्हॉल्व्हर

ठासणीचे रिव्हॉल्व्हर म्हणजे काडतुसाविना चालणारे रिव्हॉल्व्हर. त्याच्या सिलिंडरला पाच किंवा सहा घरे असतात. प्रत्येक घरात पुढच्या तोंडाने काळी दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोल गोळी दाबून बसवायची आणि घराच्या मागच्या टोकाला असलेल्या निपलवर, म्हणजे बारीक पोकळ बोंडावर, तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला स्फोटक लेप पेटतो, ठिणगी निपलच्या छिद्रातून दारूपर्यंत पोचते आणि बार उडतो. सहा बार काही सेकंदांत उडवता येतात. ते भरायला मात्र सरावलेल्या हातांनाही काही मिनिटे लागतात आणि शेवटी सगळे शस्त्र खोलून धुवावे लागते. या छंदात पडणाऱ्याने हा हिशेब आधीच समजून घेतलेला बरा. ज्याला नुसते नेम मारायचे आहेत त्याच्यासाठी साधे काडतुसाचे पिस्तूल पुष्कळ सोयीचे. इथे रस असतो तो भरण्यात.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाचा उपयोग बंदुकीसाठी करण्याचे पेटंट अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. सॅम्युएल कोल्टने फिरत्या सिलिंडरचे पेटंट इंग्लंडमध्ये १८३५ साली आणि अमेरिकेत १८३६ साली मिळवले. न्यू जर्सीतल्या पॅटर्सनचा त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. १८४७ मध्ये टेक्सासच्या घोडदळातल्या सॅम्युएल वॉकरच्या सूचनांवरून दोन किलोंचे अवजड वॉकर रिव्हॉल्व्हर निघाले आणि कोल्टचा धंदा पुन्हा उभा राहिला. १८५१ चे ०.३६ इंची 'नेव्ही' आणि १८६० चे ०.४४ इंची 'आर्मी' ही त्याची सर्वांत गाजलेली मॉडेले. १८५७ च्या उठावात हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे कोल्टची आणि त्याचा इंग्लिश स्पर्धक रॉबर्ट अ‍ॅडम्स याची, अशी दोन्ही घडणीची रिव्हॉल्व्हरे होती. हिंदुस्थानाशी दुसरा धागा दारूचा. अमेरिकी यादवी युद्धात १८६१ च्या अखेरीस ड्यू पाँट कंपनीचा लॅमॉट ड्यू पाँट लंडनला जाऊन दारूसाठी लागणारा सोरा खरेदी करत होता. तो सोरा बंगाल-बिहारकडून आलेला होता, आणि इंग्लंड-अमेरिकेत तेढ निर्माण होताच ब्रिटिश सरकारने तो काही काळ अडवून धरला. मागून काडतूस घालता येईल असा आरपार भोकांचा सिलिंडर तेव्हाही माहीत होता, पण रॉलिन व्हाइटचे त्यावरचे पेटंट १८६९ पर्यंत स्मिथ अँड वेसनच्या हाती होते. १८७३ मध्ये कोल्टचे प्रसिद्ध काडतुसी रिव्हॉल्व्हर आले आणि ठासणीचा जमाना संपला.

तो पुन्हा सुरू झाला इटलीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, यादवी युद्धाची शताब्दी जवळ आलेली असताना, व्हॅल फोर्जेट हा अमेरिकी व्यापारी 'नेव्ही'च्या प्रतिकृती करून घेण्यासाठी ब्रेशियाच्या उत्तरेच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावी गेला. शतकानुशतके बंदुकाच घडवत आलेल्या या खोऱ्यात बेरेटाचा कारखाना आहे आणि अल्दो उबेर्तीने १९५९ मध्ये आपली कंपनी काढली तीही इथेच. आज छंद म्हणून घेतली जाणारी बहुतेक ठासणीची रिव्हॉल्व्हरे उबेर्तीची किंवा जवळच्याच गुस्सागोतल्या पिएत्ताची असतात. प्रत्येक नगाची गार्दोनेच्या सरकारमान्य चाचणीगृहात परीक्षा होऊन त्यावर छाप उठतो. त्यात वर्षाची खूण असते, १९७४ पर्यंत रोमन आकड्यांत आणि १९७५ पासून दोन अक्षरांत. जुना नग विकत घेताना ती वाचता आली तर विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

हा छंद कुठे रुजला हे बरेचसे कायद्याने ठरवले. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने टोपीने पेटणाऱ्या शस्त्रांना आणि त्यांच्या प्रतिकृतींना पुराणवस्तूंत धरले, त्यामुळे ती घेणे तिथे तुलनेने सोपे आहे. काही राज्यांचे नियम मात्र कडक आहेत. ब्रिटनमध्ये डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये पिस्तुलांवर बंदी आली, पण तोंडाने भरायची शस्त्रे परवान्यासह चालू राहिली. परिणामी, रिव्हॉल्व्हरने नेमबाजी करू पाहणाऱ्या तिथल्या माणसापुढे ठासणीचे रिव्हॉल्व्हर हाच मुख्य मार्ग उरला. जर्मनीत रिव्हॉल्व्हरच्या परवान्याखेरीज दारू बाळगण्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख करतो तो पीकसंरक्षणासाठी द्यायच्या परवान्याच्या संदर्भात. कोकणात रानडुकरांपासून शेत राखणाऱ्यांच्या घरी दिसते ती हीच लांब नळीची बंदूक. ठासणीचे रिव्हॉल्व्हर चालवण्याचा छंद इथे नाही म्हटले तरी चालेल.

पहिली निवड असते कोल्टची घडण की रेमिंग्टन कंपनीची अशी. कोल्टच्या सांगाड्याला वरून पट्टी नाही. सिलिंडर ज्या जाड आसावर फिरतो त्यालाच नळी एका आडव्या पाचरीने अडकवलेली असते. दिसायला हे देखणे आहे आणि तोलही हातात सुरेख बसतो, पण पाचर कमीजास्त ठोकली गेली की सिलिंडर आणि नळी यांतली फट बदलते. ज्या प्रतिकृतीत आस नळीतल्या खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही तिथे हा दोष ठळक जाणवतो. रेमिंग्टनचा सांगाडा चहूबाजूंनी बंद, म्हणून बळकट. त्याचा सिलिंडरही चटकन काढता येतो. नळीवरच्या पेटंटच्या तारखेमुळे त्याला '१८५८' म्हणतात, पण खरे उत्पादन यादवी युद्धातले. नवशिक्याने पोलादी सांगाड्याचे रेमिंग्टन घ्यावे हा सल्ला रुक्ष वाटला तरी योग्य आहे. पितळी सांगाड्याचे नग स्वस्त मिळतात, मात्र जड भरणीने पितळ हळूहळू ताणले जाते.

दारू काळीच हवी, किंवा तिच्याऐवजी वापरण्यासाठीच बनवलेली पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू. आधुनिक काडतुसातली धूरविरहित दारू या घरांत चिमूटभरही घालायची नाही. तिचा दाब हे धातुकाम झेलू शकत नाही आणि सिलिंडर हातात फुटतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणातून होणाऱ्या काळ्या दारूच्या दाण्याचे आकार ठरलेले असतात, आणि रिव्हॉल्व्हरला सामान्यतः 'तीन एफ' हा बारीक दाणा लागतो. भरणी वजनाने नव्हे, मापाने मोजतात. ०.३६ ला १५ ते २० ग्रेन आणि ०.४४ ला २२ ते ३० ग्रेन पुरते. पंचवीस ग्रेन म्हणजे जेमतेम १.६ ग्रॅम. कागदावर नेम लावायचा तर कमी भरणीच अधिक अचूक ठरते. पण तेव्हा गोळी घरात फार खोल बसते. म्हणून नेमबाज दारू आणि गोळी यांच्यामध्ये चक्क रवा भरतात.

भरण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलायचा नाही. आधी घरांतले आणि निपलमधले तेल पुसायचे, मग रिकाम्या घरांवर एकेक टोपी उडवून छिद्रे मोकळी करायची. घोडा अर्ध्यावर चढवला की सिलिंडर मोकळा फिरतो. दारू मोठ्या डब्यातून थेट ओतायची नाही. आधी मोजून ठेवलेल्या छोट्या नळ्यांतून एकेक माप घरात रिकामे करायचे, म्हणजे आत एखादी ठिणगी धुमसत असली तरी पेटेल ती एवढीच दारू. गोळी शुद्ध, मऊ शिशाची आणि घराच्या तोंडापेक्षा किंचित मोठी असते. ०.३६ ला ०.३७५ इंचाची, ०.४४ ला पिएत्तात सहसा ०.४५१ आणि उबेर्तीत ०.४५४ इंचाची. नळीखालची दांडी खाली ओढली की गोळी आत जाते आणि तिच्या कडेचे शिसे वर्तुळाकार सोलून निघते. अखंड कडे निघाले तर गोळी घट्ट बसली असे समजावे. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी ठेवायची नाही. वरून मेणचरबीचे मिश्रण लावतात किंवा गोळीखाली तेच माखलेली नमद्याची चकती घालतात. खनिज तेलाचे ग्रीस नको, कारण काळ्या दारूच्या राखेशी मिसळून त्याचा डांबरासारखा चिकटा होतो. टोप्या चढवायच्या त्या सर्वांत शेवटी, नळी चांदमारीच्या दिशेला ठेवून.

ही टोपीच या सगळ्या यंत्रातला सर्वांत हट्टी भाग आहे. पातळ तांब्याची, चार-पाच मिलिमीटरची ही वाटी किती घट्ट बसेल हे निपलच्या आकारावर, टोपीच्या क्रमांकावर आणि बनवणाऱ्यावर अवलंबून असते. एका कंपनीची दहा नंबरची टोपी दुसरीच्या अकरा नंबरइतकी बसू शकते. ती सैल असली तर धक्क्याने गळून पडते. घट्ट असली तर घोड्याचा पहिला ठोका तिला फक्त खाली ढकलतो आणि दुसरा पेटवतो. नेमकी बसली तरी प्रश्न संपत नाही, कारण बार उडताच थोडा वायू निपलमधून उलटा मागे येतो आणि टोपीच्या चिंध्या करतो. कोल्टमध्ये घोड्यासाठी ठेवलेल्या फटीतून त्यातला एखादा तुकडा आत पडला की सगळी कळ अडते, घोडा चढत नाही, आणि भरलेल्या घरांसह शस्त्र तसेच हातात राहते. म्हणून अनुभवी कोल्टवाले प्रत्येक बारानंतर नळी आकाशाकडे करून घोडा चढवतात, म्हणजे फुटका तुकडा मागे गळून पडतो. सिनेमात ऐट वाटणाऱ्या त्या झोकाचे प्रयोजन एवढेच. कित्येकदा खरा इलाज नवीन निपलांचाच असतो. कारखान्याची निपले काढून अचूक मापाची आणि लहान छिद्राची बसवली की मागे येणारा वायू कमी होतो आणि निम्म्या तक्रारी मिटतात. नव्या रिव्हॉल्व्हरवर खर्च करायचा तर आधी इथे करावा, कोरीवकामावर नव्हे.

नेम धरण्याची सोय तुटपुंजी आहे. कोल्टचे मागचे दर्शक म्हणजे घोड्यावरच कापलेली खाच, ती घोडा पूर्ण चढवल्यावरच दिसते. पुढे पितळेचा बारीक मणी. शिवाय ही शस्त्रे साधारण सत्तर मीटरच्या हिशेबाने बांधलेली, त्यामुळे पंचवीस मीटरवर गोळी लक्ष्याच्या बरीच वर लागते. स्पर्धेवाले उंच मणी बसवून घेतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर तोंडाने भरायच्या शस्त्रांच्या स्पर्धा एमएलएआयसी ही १९७१ पासूनची संघटना चालवते. तिच्या 'मारिएट' प्रकारात ठासणीच्या रिव्हॉल्व्हरने पंचवीस मीटरवर तीस मिनिटांत तेरा बार उडवायचे असतात आणि त्यांतले उत्तम दहा मोजले जातात. अर्ध्या तासाचा बहुतेक वेळ भरण्यातच जातो.

नवशिक्याला ज्याची भीती घालतात तो प्रकार म्हणजे एका बाराबरोबर शेजारची घरेही उडणे. त्याच्या कारणाबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आग पुढून सैल किंवा सदोष गोळीच्या कडेने आत शिरते. दुसरा म्हणतो, ती मागून, टोपी गळून पडलेल्या उघड्या निपलमधून जाते. चोख बसलेली गोळी आणि घट्ट टोपी या दोन्ही वाटा बंद करतात, तेव्हा वाद न सुटताही काळजी घेता येते. वरच्या चरबीचा यातला वाटा मात्र वाटतो त्याहून कमी असावा. घट्ट गोळीपुढे ती आग अडवण्यापेक्षा राख मऊ ठेवण्याचेच काम अधिक करते. पक्का नियम एकच: दुसरा हात कधीही सिलिंडरच्या पुढे ठेवायचा नाही, कारण शेजारच्या घरातली गोळी नळीच्या बाजूने बाहेर येते. बार फुसका गेला तर नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान मिनिटभर थांबायचे, दारू उशिराही पेटू शकते. भरलेले शस्त्र कमरेला लावायचे असेल तर एक घर रिकामे ठेवून घोडा त्यावर टेकवतात.

राखेचा त्रास मात्र चुकत नाही. काळी दारू जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. दोन-तीन फेऱ्यांत सिलिंडर आसावर जड फिरू लागतो आणि सराव मध्येच थांबवून तो पुसावा लागतो. ही राख हवेतला ओलावा शोषते, आणि दमट हवेत एका रात्रीतही नळीत गंज धरतो. म्हणून सफाई त्याच दिवशी, थकवा असला तरी.

अलीकडे माल मिळवण्याचीही कटकट वाढली आहे. अमेरिकेत खऱ्या काळ्या दारूचा मोठा उत्पादक गोएक्स होता. त्याचा लुइझियानातला कारखाना २०२१ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी तो नव्या मालकाकडे गेला. त्याच सुमारास टोप्याही दुकानांतून दिसेनाशा झाल्या. गोळ्या घरी साच्यात ओतता येतात, रवा वाण्याकडे मिळतो. दारू आणि टोपी मात्र कारखान्याचीच लागते, आणि स्फोटक असल्यामुळे दोन्ही साध्या टपालाने येत नाहीत. त्यामुळे रिव्हॉल्व्हर घेण्याआधी जवळच्या क्लबात या दोन वस्तू नियमित मिळतात का, हे विचारणे शहाणपणाचे.

शेवटी राहते ती त्याच दिवशी करायची सफाई. तिला लागतो गरम पाण्याचा टब, साबण आणि ब्रश. लाकडी मूठ उतरवून ठेवायची. नळी, सिलिंडर आणि दांडी पाण्यात घालून घासायची. या वेळी कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, तो राखेतल्या गंधकाचा. निपले किल्लीने सोडवून त्यांची छिद्रे तारेने मोकळी करायची. काही बैठकींनंतर एकदा कळीचे आतले भागही खोलून धुवायचे. पाणी चांगले कढत असेल तर धातू स्वतःच्या उष्णतेने कोरडा होतो. मग निपलच्या आट्यांना ग्रीस, कारण ती पुढच्या वेळी सुटली पाहिजेत, आणि बाकी सगळ्याला वनस्पती तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात.