चाकाच्या खुर्चीवरचा बास्केटबॉल : खेळही आणि उपचारही

मे महिन्यात मुंबईकर गावी आले की महाड-पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांत क्रिकेटचे सामने भरतात. लहान-थोर सगळे मैदानावर असतात. पण परांचीवरून किंवा आंब्याच्या झाडावरून पडून, महामार्गावरच्या अपघातात सापडून कमरेखालचे बळ गेलेला तरुण तिथे क्वचितच दिसतो. पोलिओने पाय अधू झालेली बहीण तर त्याहून कमी दिसते. घरचे त्यांना प्रेमाने सांभाळतात, पण सांभाळणे म्हणजे बहुतेक वेळा खाटेवर नाहीतर कोपऱ्यात बसवून ठेवणे होते. हे बसून राहणेच शरीराला आतून पोखरते, म्हणून व्हीलचेअर बास्केटबॉल हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर मुद्दाम घेतला आहे.

खेळ आला दवाखान्यातून

दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणक्याला मार बसून पाय गेलेला माणूस फार काळ जगत नसे. जीव जाई तो बहुधा पाठीवर-कुल्ल्यांवर होणाऱ्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने. नाझी राजवटीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गटमन यांनी १९४४ पासून स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात अशा सैनिकांवर उपचार सुरू केले. रुग्णाची कूस वेळेवर बदलायची, त्याला उठवून बसवायचे आणि खेळायला लावायचे, अशी त्यांची पद्धत होती. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच त्यांनी १६ जखमी स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. त्याच सुमारास अमेरिकेत जखमी सैनिक चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळू लागले होते. १९६० च्या रोम स्पर्धेपासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये पुरुषांत अमेरिकेने आणि महिलांत नेदरलँड्सने सुवर्णपदक घेतले.

आपल्याकडे चेन्नईच्या माधवी लता यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये या खेळाचा भारतीय महासंघ स्थापन झाला. त्यांना स्वतःला लहानपणी पोलिओ झाला होता. मुंबईच्या निशा गुप्ता आणि गीता चौहान भारताच्या महिला संघातून खेळल्या आहेत. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून जखमी जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे, तिथेही हा खेळ खेळला जातो. खेळाने उभारी देण्याचे आपल्याकडचे जुने उदाहरण सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांचे आहे. १९६५ च्या युद्धात ते जखमी झाले आणि १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

चौदा गुणांचा नियम

मैदान तेच, बास्केटची १० फूट उंची तीच आणि एका बाजूला खेळाडूही पाचच. चेंडू मांडीवर ठेवून चाकाला दोनदाच ढकलायचे, मग चेंडू जमिनीवर आपटायचा किंवा पुढे द्यायचा. बैठकीवरून कुल्ले उचलून फेकले तर फाउल.

खरी गोम गुणांत आहे. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या ताकदीप्रमाणे १ ते ४.५ गुण दिले जातात. ज्याला धडही सावरता येत नाही त्याचा १, तर ज्याचे व्यंग अगदी कमी आहे त्याचे ४.५. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे नुसते बळकट खेळाडू घेऊन संघ होतच नाही. ज्याला सर्वांत कमी हालता येते, त्याची जागा नियमानेच राखलेली आहे. तो बिनीला राहून समोरच्याची वाट अडवतो, म्हणून दुसऱ्याला बास्केट करता येते.

आणखी एक. हा खेळ रोज खुर्चीवर बसणाऱ्यांपुरताच नाही. कुबड्या, कॅलिपर किंवा जयपूर फूट लावून चालणाऱ्यालाही तो खेळता येतो.

शरीराला काय मिळते?

चाके ढकलल्याने हृदय आणि फुप्फुसे कामाला लागतात, वजन आटोक्यात राहते. खांदे आणि दंड बळकट झाले की खाटेवरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून शौचाला स्वतः जाता येते. दुसऱ्याने उचलून नेण्याची वाट पाहावी लागत नाही. चार माणसांत मिसळल्याने मनावरचे मळभ हटते, झोपही चांगली लागते. पण काही पथ्ये पाळावीच लागतात :

• कमरेखाली संवेदना नसेल तर जखम होताना कळत नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी मिनिट-दोन मिनिटे पुढे किंवा बाजूला झुकून बैठकीवरचा भार हलका करावा. खुर्चीवर जाड गादी हवीच. मधे भोक असलेली रबरी रिंग वापरू नये.

• रोज रात्री आरसा धरून माकडहाड, कुल्ले, टाचा आणि घोटे पाहावेत. लाल डाग जात नसेल तर त्या भागावर भार देणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

• लघवीची अडचण नको म्हणून पाणी कमी पिऊ नये. खेळण्याआधी मूत्राशय रिकामे करावे.

• मणक्याला वरच्या बाजूला इजा असेल तर घाम नीट येत नाही आणि अंग लवकर तापते. उन्हात खेळू नये. तापलेल्या लोखंडी भागाने चटकाही बसतो.

• अशा माणसाचे डोके एकाएकी ठणकू लागले, चेहरा लाल झाला तर त्याला ताठ बसवावे, कपडे सैल करावेत, लघवीची नळी दुमडली आहे का ते पाहावे आणि लगेच दवाखाना गाठावा. रक्तदाब धोकादायक वाढल्याची ती खूण असते.

• खांदा सतत दुखत असेल तर विश्रांती घ्यावी. खांदेच गेले तर चाके ढकलणार कशाने?

आपल्याकडे सुरुवात कशी करावी?

खेळाची खुर्ची वेगळी असते. तिची चाके वरून आत झुकलेली असतात, मागे एक लहान चाक असते म्हणून ती उलटत नाही. दवाखान्यातली घडीची खुर्ची घेऊन धडका मारायला जाऊ नये. पण ब्रेक लावून, मागे एक माणूस उभा करून चेंडू झेलणे आणि फेकणे तिच्यावरही करता येते. बास्केट नसेल तर भिंतीला टोपली टांगावी. १८९१ मध्ये हा खेळ सुरू झाला तेव्हा पीचच्या फळांच्या टोपल्याच टांगल्या होत्या. पावसाळ्यात समाजमंदिराचे सभागृह चालेल. एका वस्तीत पाच जण मिळणार नाहीत. पण महाड आणि पोलादपुरात अंतर वीसेक किलोमीटरचेच आहे. तिघा-तिघांचा, अर्ध्या मैदानावरचा प्रकारही आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो खेळला गेला.

कागदपत्रांत पहिले म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. खुर्ची आणि इतर साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशोब मागावा आणि खुर्ची किंवा उतरता रस्ता यांची मागणी लेखी द्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३० मध्ये खेळाच्या हक्काचा उल्लेख आहे. मणक्याच्या इजेनंतरच्या पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची संस्था आहे.

सार्वजनिक जागा सर्वांची असते, हे महाडला कुणी नव्याने सांगायला नको. विहाराच्या आणि समाजमंदिराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधला, मुंबई मंडळाने वर्गणीतून एक चेंडू आणि एक चांगली गादी घेतली आणि येत्या मे महिन्यात मैदानाचा एक तास या भावा-बहिणींसाठी राखला, तरी पहिले पाऊल पडेल. चौदा गुणांच्या नियमाप्रमाणे वस्तीचा संघही सर्वांत कमी हालचाल करू शकणाऱ्याला घेऊनच पुरा होतो.