थेंब कुठून पडतो?

गव्हाण फाट्यावर थोडा वेळ उभं राहिलं, की न्हावा-शेव्याकडे सरकणारी ट्रेलरची रांग संपता संपत नाही. १९८९मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि भातशेती-मिठागरांच्या या पट्ट्यात कंटेनर आले. त्यांच्यामागून टायरवाले, वेल्डिंगवाले आणि इंजिनाचे मिस्त्री आले. नवी गाडी कंपनीच्या वर्कशॉपात जाते. दोन-तीन मालक पाहिलेली गाडी रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे येते, आणि तिची एक तक्रार ठरलेली असते: तेल गळतंय.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. पासिंग जवळ आलं की गळती आठवते, एरवी खाली डबा ठेवून भागतं. पण हिशेब करून पाहा. साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं. मिनिटाला एक थेंब पडला तरी दिवसाला सत्तरएक मिलिलिटर, म्हणजे महिन्याला दोन लिटरच्या वर तेल गेलं. शिवाय ते क्लच प्लेटवर किंवा ब्रेकच्या लायनरवर गेलं, तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

जाणता मिस्त्री आधी पाना उचलत नाही, बोट लावतो. काळं आणि जळकट वासाचं असेल तर इंजिन ऑइल. घट्ट, चिकट आणि गंधकाचा उग्र दर्प मारणारं असेल तर गिअर ऑइल. लालसर आणि पातळ असेल तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं. हिरवट, बोटाला बुळबुळीत पाणी असेल तर कूलंट. डिपस्टिकवर तेल ताकासारखं दिसलं तर गळती बाहेर शोधण्यात अर्थ नाही. पाणी आतल्या आत तेलात शिरलंय. मग संशय हेड गॅस्केटवर, सिलिंडर लायनरच्या रबरी रिंगांवर किंवा ऑइल कूलरवर.

खरी अडचण पुढे आहे. तेल जिथे दिसतं तिथून ते निघालेलं नसतं. ते खाली ओघळतं आणि पळत्या गाडीच्या वाऱ्याने मागे जातं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग फुटलं की तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बेल हाउसिंगच्या तळाशी ठिबकतं, आणि मालक म्हणतो, ‘मिस्त्री, क्रँकचं मागचं सील गेलं.’ ते सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवायला लागतो. एवढा खटाटोप करून गळती तशीच राहिलेल्या गाड्या काही कमी नाहीत. म्हणून आधी इंजिन डिझेलने धुवायचं, पुसून कोरडं करायचं, वर चॉकची किंवा टाल्कम पावडर भुरभुरायची आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं. पांढऱ्यावर काळ्या रेघा उमटतात, त्यातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओल ही खरी जागा. माझ्या मते दुरुस्तीचं निम्मं काम धुण्यातच आहे, पण धुण्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं.

बेल हाउसिंगमधून खरोखरच तेल येत असेल, तर ते इंजिनाचं की गिअरबॉक्सचं हे गिअरबॉक्स उतरवण्याआधीच बोटाला कळायला हवं. गिअर ऑइलचा वास आला तर क्रँकचं सील निर्दोष. दोष इनपुट शाफ्टच्या सीलचा.

सील निघालं की शाफ्टवरून नख फिरवायचं. सीलची रबरी ओठी वर्षानुवर्षं एकाच जागी घासून लोखंडातही खाच पाडते. नख अडकलं तर नवं सीलही गळणार. मग सील किंचित आत-बाहेर बसवतात, जेणेकरून ओठी कोऱ्या जागेवर टेकेल. नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात. ओठीचं तोंड तेलाच्या बाजूला हवं आणि तिला बसवण्यापूर्वी तेलाचं बोट लावायलाच हवं. कोरडी ओठी पहिल्या काही मिनिटांतच जळते. फार जुन्या डिझेल इंजिनांत क्रँकच्या मागच्या सीलच्या जागी ग्रॅफाइट लावलेली दोरी असायची. ती तेलात भिजवून, ठोकून बसवणारे हात आता थोडे उरलेत.

पॅकिंग तयार मिळालं नाही तर ते तिथेच बनतं. कव्हरवर पॅकिंग पेपर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत जायचं. धारेवर कागद आपोआप तुटतो, भोकंही तशीच पडतात. सिलिकॉनचा जाड थर थापणं मात्र वाईट. जादा सिलिकॉन आत सुटून पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांचंही तेच. त्या आकसलेलं रबर थोडं फुगवतात, फाटलेलं जोडत नाहीत.

सगळं करूनही दोन महिन्यांत पुन्हा गळू लागलं तर सीलला दोष देऊ नये. पिस्टन रिंगा झिजल्या की जळका वायू खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. इथले मिस्त्री त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. त्याला बाहेर जायला ब्रीदर असतो. तो चिखलाने, काजळीने बुजला की आतला दाब सगळ्यांत कमजोर सील शोधतो आणि तिथून तेल ढकलतो. गिअरबॉक्सला आणि मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगलाही असाच ब्रीदर असतो, आणि बंदराच्या धुळीत तोही बुजतो. तो साफ करायला एक चिंधी आणि थोडं डिझेल पुरतं. तेव्हा गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी मिस्त्रीला एवढंच विचारा: ब्रीदर उघडून पाहिलास का?